ब्रेकसाहेबांचा वन-वे

ब्रेकसाहेबांची गाडी वळणावर का रेंगाळते, हे क्लबातल्या बाकीच्या सातही जणांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ब्रेकसाहेबांना. आणि ते त्यांना सांगावं कुणी, तर सख्ख्या मेहुण्याने, तेही सगळ्यांसमोर, गाडी चौथ्या वळणावर चारही चाकं वर करून पडलेली असताना. पुढच्या सगळ्या प्रकरणाला तोंड फुटलं ते तिथे.

गाडी म्हणजे खरी गाडी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, रिमोटवर चालवायची शर्यतीची गाडी. रिमोटचा ट्रिगर ओढला की पळते, पुढे ढकलला की ब्रेक लागतो. तिला कुणी खेळणं म्हटलेलं ब्रेकसाहेबांना खपत नसे. दर रविवारी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोन तास जाजम अंथरलं जाई, कडेला प्लॅस्टिकच्या नळ्या लागत, आणि मचाणासारख्या एका लाकडी चौथऱ्यावर आठ प्रौढ माणसं रिमोट घेऊन ओळीने उभी राहत. हॉल लहान असल्यामुळे नववी गाडी मावत नव्हती. म्हणून नवव्या माणसाचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, आणि जागा मिळेपर्यंत त्याने वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या असा रिवाज होता. हा नववा माणूस म्हणजे मेहुणा. गेलं वर्षभर तो ज्या गाड्या सरळ करत होता, त्यातल्या निम्म्या उलट्या ब्रेकसाहेबांच्या एकट्याच्या होत्या.

ब्रेकसाहेब बस डेपोत ब्रेक तपासनीस होते. पंचवीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडलेली नव्हती. या कामाचं एक दुःख असं, की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. बस वेळेवर थांबली, लोक उतरून आपापल्या कामाला गेले, याबद्दल आजवर कुणीही साहेबांना आभाराचं पत्र लिहिलेलं नव्हतं. दिवसभर ते दुसऱ्यांच्या गाड्या थांबवण्याची सोय बघत. रविवारच्या शर्यतीची ती पाच मिनिटं मात्र काहीतरी पळत असे आणि त्याची दोरी त्यांच्या हातात असे. त्या पाच मिनिटांवर त्यांचा जीव होता. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणून जेवणाच्या टेबलावरचे स्क्रू ती न बोलता बाजूला करून ताटं मांडायची. ती वाचनालयात काम करायची आणि सायकलने जायची, कारण नवऱ्याच्या खऱ्या गाडीत बसलं की दर चौकात तिची मान पुढे-मागे व्हायची.

आता या पाच मिनिटांवरच संकट आलं होतं. वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत जो शेवटचा येईल त्याने आपली जागा सोडायची आणि ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला द्यायची, असा नियम क्लबाचे सचिव, म्हणजे चौकातले चष्मेवाले, यांनी करून ठेवला होता. ब्रेकसाहेब आजवर सातवे येत आले होते. एका वर्षी कुणाची बॅटरी उतरली, दुसऱ्या वर्षी कुणाचं चाक निखळलं, अशा दैवी कृपेने ते तरले. यंदा सगळ्यांच्या गाड्या ठणठणीत होत्या आणि सरावात साहेब सलग पाच रविवार आठवे आले होते. जागा जाणार याचं दुःख होतंच. ती मेहुण्याला मिळणार, हे जास्त झोंबत होतं. लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक असलेला हा माणूस पोहायला एका आठवड्यात शिकला होता आणि लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला होता. साहेबांना तिसरी खेप लागली होती, कारण परीक्षकाने "चला" म्हटल्यावर ते आधी ब्रेक तपासत बसले होते.

तर त्या दिवशी मेहुण्याने गाडी सरळ केली, जाजमावर ठेवली आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही वळणाआधी ब्रेक मारता, वळणात मारता आणि वळण संपलं की संपल्याच्या आनंदात परत एकदा मारता. पुढच्या चाकांना वन-वे बसवा. गाडी आपसूक आत शिरेल. फक्त मग ब्रेकला हात लावायचा नाही."

मचाणावर हशा पिकला. ब्रेकसाहेब हसले नाहीत. पंचवीस वर्षं ब्रेकवर पोट भरणाऱ्या माणसाला, ब्रेकला हात लावू नका, असं सांगणं म्हणजे काय ते लिफ्टवाल्याला कळायचं नाही, असं ते बायकोला म्हणाले. तरी घरी आल्यावर त्यांनी वन-वे म्हणजे काय याची चौकशी सुरू केली, कारण आठवं येणं परवडण्यासारखं नव्हतं.

चौकशी जिन्यातच झाली. शेजारचे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना सगळी इमारत मास्तर म्हणायची, त्यांनी आधी डिफरन्शियल समजावून सांगितला. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू देणारी ही गिअरची डबी. इथपर्यंत ठीक होतं. मग मास्तरांनी खिशातला खडू काढला आणि जिन्याच्या भिंतीवर वन-वे काढला. "मोटर चाकाला पुढे ढकलू शकते. पण चाकाला मोटरपेक्षा जोरात फिरायचं असेल तर ते आपलं मोकळं. समजा, टाकीच्या नळाला आपण एकाच बाजूने उघडणारी झडप लावतो."

"म्हणजे पाणी कुठून कुठे जातं?" साहेबांनी विचारलं.

"पाणी नाही हो. पाणी हे उदाहरण आहे."

"मग ब्रेक मारला की पाणी थांबतं का?"

मास्तरांनी खडूने भिंतीवर एक प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकील जिना उतरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. हे बक्षीसपत्र समजा. मोटर चाकाला गती देऊ शकते, पण एकदा दिलेली परत मागू शकत नाही. म्हणून ब्रेक मारला तर पुढची चाकं म्हणतील, आमचा संबंध नाही. ब्रेक लागणार फक्त मागच्यांना."

साहेबांचा चेहरा पडला. पुढच्या चाकांना ब्रेक नाही, हे शब्द डेपोत कुणी उच्चारले असते तर त्यांनी त्या दिवशी फाटक बंद करून घेतलं असतं. ते घरात आले तेव्हा त्यांच्या डोक्यात पाण्याची टाकी, बक्षीसपत्र आणि मेहुणा यांचा काला झाला होता. तरी त्याच संध्याकाळी त्यांनी वन-वे मागवला.

तो आला, पण घरी आला नाही. पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली की वाहनाचा सुटा भाग असल्यामुळे वाहनाच्या नोंदणीसह हजर राहावं. साहेब रजा टाकून गेले.

"गाडीचा नंबर?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"नंबर नाही. ती रिमोटवर चालते."

"म्हणजे चालक नाही."

"चालक आहे. तो बाहेर उभा असतो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "विनानोंदणी आणि चालक बाहेर. असा भाग मी कसा सोडू?"

दुसरा कुणी असता तर भांडला असता. ब्रेकसाहेबांना मात्र त्या कारकुनाबद्दल आदर वाटला. आपण त्या खिडकीत असतो तर आपणही सोडला नसता, हे त्यांना मनापासून पटलं. ते घरी आले आणि क्लबाच्या छापील कागदावर त्यांनी दाखला तयार केला. क्लबाच्या तांत्रिक समितीचे प्रमुख तेच होते. समितीत दुसरं कुणी नव्हतं. "सदर वाहनात माणूस मावत नाही, याची समितीने खात्री केली आहे," असं लिहून त्यांनी सही-शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी कारकुनाने तो दाखला दोनदा वाचला आणि, "खात्री कशी केली?" असं विचारलं. तिसऱ्या दिवशी साहेब गाडीच पिशवीत घालून घेऊन गेले. कारकुनाने तिच्यात डोकावून पाहिलं, चालकाची सीट शोधली, ती नाही म्हटल्यावर पार्सल सोडलं.

वन-वे बसवायचा कार्यक्रम रजेच्या तिसऱ्याच दुपारी जेवणाच्या टेबलावर झाला. साहेबांनी वर्तमानपत्र अंथरलं, जुना डिफरन्शियल काढला आणि सोबतच्या चित्रांबरहुकूम वन-वे पुढच्या आसावर चढवला. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी, की त्यांनी तो पहिल्याच वेळी अगदी बरोबर बसवला. तिथेच ते उठले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण तपासणीशिवाय ते टेबलावरून उठणाऱ्यातले नव्हते. डेपोतली त्यांची तपासणी साधी होती: मागची चाकं जखडायची, पुढची चाकं पुढच्या दिशेला फिरवून बघायची, फिरली तर गाडी नापास. मोठ्या बसला ही तपासणी लागू पडते की नाही यावर इंजिनिअर मंडळी वाद घालत, पण पंचवीस वर्षांत साहेबांनी ती सोडली नव्हती. त्यांनी गाडीची मागची चाकं डाव्या हातात घट्ट धरली आणि उजव्या हाताने पुढचं चाक फिरवलं. ते भर्रकन फिरलं. दुसरंही फिरलं.

"दोष आहे," ते म्हणाले.

बायको पुस्तकांना कव्हर घालत बसली होती. "मास्तर म्हणाले होते ना, पुढची मोकळी फिरणार म्हणून?"

"मोकळी फिरणारी चाकं मी आयुष्यात पास केलेली नाहीत," साहेब म्हणाले. त्यांनी वन-वे बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला, डावीकडची बाजू उजवीकडे आणली आणि पुन्हा चढवला. पुन्हा मागची चाकं धरली, पुढचं चाक पुढे फिरवलं. चाक जागचं हललं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं. चाक मागच्या दिशेने फिरवून बघावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण कुठलीही बस डेपोच्या फाटकातून उलटी बाहेर पडत नाही.

लागलीच त्यांनी गाडीला प्रमाणपत्र दिलं. क्लबाचा नियम सात त्यांनीच लिहिलेला होता: प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना ब्रेक लागलाच पाहिजे. त्यांच्या गाडीला वन-वे होता आणि चारही चाकांना ब्रेकही होता. जगात कुणाला न जमलेली गोष्ट आपल्याला जमली आहे, याची त्यांना कल्पना होती, पण ते नम्रपणे गप्प राहिले. नियम नऊप्रमाणे प्रमाणित गाडी उघडायला मनाई असल्यामुळे त्यांनी तिच्या टपावर चिकटपट्टी लावून सहीसुद्धा केली.

रविवारी सरावाला गाडी सरळ रेषेत छान गेली आणि चौथ्या वळणाआधी साहेबांच्या ब्रेकला मान देऊन आज्ञाधारकपणे थांबली. मग त्यांनी ट्रिगर ओढला. गाडीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि तोंड उलटीकडे करून उभी राहिली. त्यांनी तिला वळवलं, पुन्हा ट्रिगर ओढला, पुन्हा गिरकी. पाच मिनिटांत गाडीने तेरा गिरक्या घेतल्या आणि शेवटी साहेबांनाच गरगरायला लागलं.

मेहुणा वळणावर डोकं खाजवत उभा होता. "भाऊजी, ब्रेक मारलात?"

"ब्रेक मारल्यावर उत्तम थांबते. ट्रिगर ओढला की फिरते."

"हे उलटंच झालं. वन-वे असला तर ब्रेक मारल्यावर फिरायला पाहिजे, आणि ओढल्यावर सरळ जायला पाहिजे. गाडीत वन-वे आहे ना नक्की?"

"आहे. आणि चारही चाकांना ब्रेक आहे."

"असं होणार नाही."

"प्रमाणपत्र आहे," साहेब म्हणाले.

मग मचाणावर चर्चा झाली. चष्मेवाल्या सचिवांनी बॅटरीचा दोष काढला. दातवाले डॉक्टर, म्हणजे क्लबातले डेंटिस्ट, जे नेहमी साहेबांच्या मागोमाग सुटून चौथ्या वळणावर त्यांना ओलांडत, त्यांनी जाजमाला दोष दिला. मेहुण्याने गाडी उघडून बघू का असं विचारलं, तेव्हा साहेबांनी नियम नऊ वाचून दाखवला. घरी येताना खऱ्या गाडीत ते दर चौकाच्या शंभर पावलं आधी ब्रेक मारत राहिले. घरात पाऊल टाकल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला.

"तुझ्या भावाने मला मुद्दाम उलटं सांगितलं," ते म्हणाले. "तो म्हणाला ब्रेक मारल्यावर फिरते. फिरते ती ओढल्यावर. त्याला माझी जागा पाहिजे. वर्षभर माझी गाडी उचलताना तो हेच बघत होता."

 बायकोने टेबलावरची गाडी उचलली आणि नुसती पुढची चाकं टेकवून वर्तमानपत्रावरून पुढे ढकलली. ढकलताना काहीतरी अडल्यासारखं, आतला पट्टा ओढत गेल्यासारखं वाटत होतं. मग तिने ती मागे ओढली, तर पुढची चाकं गुणगुणत मोकळी फिरली. तिने दोनदा पुढे-मागे करून पाहिलं.

"सायकलचं पेडल मारायचं थांबवलं तरी पुढे जाताना मागचं चाक फिरतंच ना?" ती म्हणाली. "पेडल सोडून दिलं की उतारावर आपण नुसते जात राहतो. आणि पेडल मारलं की चाक पकडतं. हे त्याच्या बरोबर उलट आहे. पुढे जाताना पकडतंय आणि मागे जाताना सोडतंय. तुम्ही उलटं बसवलंय."

साहेबांनी गाडी हातात घेतली. तिला पुढे ढकललं, मागे ओढलं, पुन्हा पुढे ढकललं. मास्तरांची टाकी आणि वकिलांचं बक्षीसपत्र एकमेकांना टेकून डोक्यात एकदम बसल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा सुटलं. "म्हणजे ओढल्यावर पुढच्या चाकांना काहीच मिळत नव्हतं?" त्यांनी विचारलं. "नुसती मागची ढकलत होती?"

"आणि थांबताना मात्र चारही थांबत होती. म्हणून तुम्हाला आवडली."

एवढं स्पष्ट त्यांना पंचवीस वर्षांत कुणी सुनावलेलं नव्हतं. त्यांनी टपावरची स्वतःच्या सहीची चिकटपट्टी स्वतःच्या हाताने काढली. त्याआधी नियम नऊचा भंग केल्याबद्दल त्यांनी गाडीच्या मालकाला लेखी नोटीस दिली, आणि मालक या नात्याने ती घेऊन पोच सही केली.

वन-वे सुलटा झाला. व्हरांड्यात चालवून पाहिल्यावर गाडी ओढ घेत सरळ सुटली, आणि साहेबांनी सवयीने ब्रेक मारताच तिची शेपटी फिरून ती चपलांच्या रॅकमध्ये घुसली. म्हणजे मेहुणा खरंच बोलत होता. हे पटवून घेणं त्यांना जड गेलं, पण त्याहून जड गोष्ट पुढे होती. सुलट्या गाडीला आता पुढे ब्रेक नव्हता, आणि नियम सात आड येत होता. आता तर तांत्रिक समितीच गाडीला बाहेर काढणार होती, आणि तांत्रिक समिती म्हणजे ते स्वतः.

दुसरा कुणी असता तर नियमाकडे डोळेझाक केली असती. ब्रेकसाहेबांनी अर्ज केला. टेबलाच्या एका खुर्चीवर बसून त्यांनी मालक म्हणून सवलतीची विनंती लिहिली, उठून समोरच्या खुर्चीवर गेले, चष्मा लावला आणि समितीप्रमुख म्हणून ती वाचली. शेरा मारला: पुढच्या चाकांना ब्रेक नसलेली गाडी थांबणार कशी, याचा खुलासा करावा. उठून पहिल्या खुर्चीवर आले आणि खुलासा लिहिला: थांबवायचीच नाही. पुन्हा पलीकडे गेले तेव्हा हे उत्तर त्यांना उर्मट वाटलं.

बायको बराच वेळ त्यांचं हे जाणं-येणं बघत होती. शेवटी म्हणाली, "एक विचारू? शेवटच्या शर्यतीत कुणीही शेवटचा आला तरी जागा माझ्या भावाच्याच नावावर होणार आहे. तुम्ही आलात काय, दातवाले आले काय, यादीत पहिलं नाव त्याचंच आहे. मग तुम्हाला उलटं सांगून त्याला काय मिळणार?"

साहेब दोन खुर्च्यांच्या मधे उभे राहिले. हा मुद्दा त्यांच्या तपासणीतून निसटला होता. "मग तो मला वन-वे बसवा म्हणून का सांगत होता?"

"कारण तुम्ही शेवटचे आलात तर त्याला तुमची जागा मिळेल, पण तुम्ही तिथे नसाल," ती म्हणाली. "त्याला तुमच्याबरोबर खेळायचंय. वर्षभर तो एवढंच म्हणतोय. तुम्हाला ते थट्टेसारखं ऐकू येतं."

साहेबांना भरून आलं की अपमान झाला, हे त्यांना नीट कळलं नाही. दोन्ही थोडं थोडं झालं असावं. ते समितीच्या खुर्चीवर बसले आणि बऱ्याच विचारानंतर सवलत दिली. अट घातली: "सदर गाडीने शर्यत संपेपर्यंत ब्रेकचा वापर कोणत्याही परिस्थितीत करू नये. अटीचा भंग झाल्यास गाडी बाद." मग मालकाच्या खुर्चीवर येऊन त्यांनी अट मान्य असल्याची सही केली आणि कागद खिशात ठेवला.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी हॉल भरला होता. बायको दाराशी, चपलांच्या रॅकजवळ उभी राहिली, कारण आत बसायला जागा नव्हती. मेहुणा चौथ्या वळणावर होता. इशारा झाला आणि आठ गाड्या सुटल्या. पहिलं वळण आलं तेव्हा साहेबांचा अंगठा आणि तर्जनी, पंचवीस वर्षांची शिस्त अंगात मुरलेली, ट्रिगर पुढे ढकलायला सरसावली. त्याच क्षणी त्यांना खिशातला कागद आठवला. त्यांनी ट्रिगर नुसता सैल सोडला. पुढची चाकं मोकळी फिरत राहिली, नाक आत गेलं, आणि त्यांनी पुन्हा ओढलं तेव्हा गाडीने पुढच्या चाकांनी स्वतःला वळणातून बाहेर खेचलं. हे कसं झालं ते त्यांना कळलं नाही. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसंच झालं, तेव्हाही कळलं नाही.

आपण काय करतोय याचा पत्ता नसताना ते चांगलं चालवत होते. तिसऱ्या फेरीला सातवे आले. पाचव्या फेरीला मागून दातवाले डॉक्टर चिकटले, आणि शेवटच्या फेरीत चौथ्या वळणाशी त्यांनी नेहमीचा डाव टाकला. वर्षभर ब्रेकसाहेब इथे ब्रेक मारून उभेच राहत, आणि डॉक्टर आतल्या बाजूने निघून जात. डॉक्टरांनी नाक आत घातलं. साहेबांनी ब्रेक मारला नाही. जी जागा नेहमी मोकळी होत असे ती मोकळी झालीच नाही, डॉक्टरांची गाडी नळीवर चढली आणि उलटी पडली.

मेहुणा धावला. त्याच्यासमोर जागा सुटणार होती ती डॉक्टरांची की भाऊजींची, हे त्याच्या हातांच्या वेगावर अवलंबून होतं, पण त्याने गाडी जितक्या चपळाईने वर्षभर साहेबांची उचलली होती तितक्याच चपळाईने सरळ केली. डॉक्टर मागून सुटले. साहेबांनी रेषा ओलांडली, डॉक्टरांच्या अर्धा हॉल पुढे, सातवे. मचाणावर कुणीतरी त्यांच्या पाठीत थाप मारली.

पण साहेबांचे हात रिमोटवर ताठ झाले होते. नियम बारा त्यांनीच लिहिला होता: शेवटची गाडी रेषा ओलांडेपर्यंत शर्यत चालू समजावी. म्हणजे अजून ब्रेक मारता येत नव्हता. गाडी मोकळ्या चाकांनी घरंगळत सरळ गेली, नळ्यांच्या फटीतून निसटली, जाजम संपलं, गुळगुळीत फरशी आली, आणि ती उघड्या दारातून बाहेर निघाली. मागे डॉक्टर रेषेजवळ पोचलेले दिसत होते, पण अजून ओलांडलेली नव्हती. बायकोने खाली पाहिलं आणि पाय आडवा ठेवला. गाडी तिच्या चपलेला हलकी टेकून थांबली.

"शर्यत संपली का?" साहेबांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाहून विचारलं.

"तुमची संपली," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी जागा सोडल्याची नोंद चष्मेवाल्यांनी वहीत केली आणि यादीतलं पहिलं नाव वाचलं. मेहुणा मचाणाजवळ आला. त्याच्या हातात नवी, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गाडी होती. किती दिवस ती त्याने तशीच ठेवली होती, कोण जाणे. "भाऊजी, माझ्या गाडीलाही वन-वे आहे," तो म्हणाला. "समितीकडे अर्ज करावा लागेल ना?"

"तीन प्रतींत," साहेब म्हणाले.  "आणि एक गोष्ट लक्षात ठेव. वन-वे लावला की ब्रेकला हात लावायचा नाही. ट्रिगर सैल सोडायचा, गाडी आपली आपण वळते."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हेच मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

साहेबांनी खिशातला घडी घातलेला कागद काढला, शिक्क्याची बाजू वर करून त्याच्यासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, "तेव्हा ते लेखी नव्हतं."